खालच्या पट्टीतली हिंदी

मराठीत लिहिणाऱ्या माणसानं संगणकावर नवा प्रोग्राम बसवला की पुढचा अर्धा दिवस कशात जातो, हे लिहिणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं; मराठी साहित्यावर भाषणं करणाऱ्यांना नसतं. या अर्ध्या दिवसाला आपल्याकडे ‘सेटिंगचा प्रॉब्लेम’ म्हणतात. म्हणजे तो भाच्यानं किंवा शेजारच्या इंजिनिअर मुलानं सोडवायचा, चहा पिताना त्यावर हसायचं, आणि लेखक-अनुवादकांनी आपल्या मोठ्या कामाकडे परत वळायचं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. त्या सेटिंगच्या खिडकीत जे ठरतं ते संपादकीय असतं, काही वेळा राजकीयही असतं, आणि ते ठरवताना मराठीचा एकही लेखक, संपादक किंवा कोशकार तिथे हजर नसतो.

होतं काय ते आधी सांगते. प्रोग्राम विचारतो, भाषा कोणती? यादीत मराठी असली तर नशीब; पुष्कळदा इंग्रजी आणि हिंदी एवढंच असतं. आपण इंग्रजीवर बोट ठेवून पुढे जातो. कोरं पान उघडतं, आपण टंकायला लागतो आणि चार ओळींत पान तांबडं होतं. प्रत्येक शब्दाखाली नागमोडी रेघ. तळाच्या पट्टीत पाहावं तर तिथे लिहिलेलं असतं : हिंदी (भारत). लिपी देवनागरी आहे एवढं यंत्राला कळलं आणि त्यावरून भाषा कोणती हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

आता त्या तांबड्या रेघांकडे जरा नीट बघा, त्यातून पुष्कळ शिकायला मिळतं. मन, जीवन, समाज, साहित्य, प्रतीक्षा यांच्याखाली रेघ नाही. आहे, होतं, पाऊस, काळोख, उंबरा, माजघर यांच्याखाली आहे. म्हणजे जे शब्द बहुतेक संस्कृतातून दोन्ही भाषांत सारखे आले ते शुद्ध, आणि जे मराठीनं आपल्या अंगणात घडवले ते चूक. उजवं बटण दाबलं की दुरुस्त्या सुचवल्या जातात : काळ नको, काल घ्या, फळ नको, फल, वेळ नको, वेल. मराठीत काल म्हणजे सरलेला दिवस आणि वेल म्हणजे मांडवावर चढते ती, हे त्या कोशाला कुठून ठाऊक असणार? तो हिंदीचा कोश आहे, आणि हिंदीचा कोश म्हणून तो चांगलाच आहे. माझं भांडण हिंदीशी नाही. हिंदीतून मी अनुवाद करते, त्या भाषेनं मला पोसलंय. भांडण आहे ते ‘देवनागरी म्हणजे हिंदी’ या समीकरणाशी, आणि ते निमूट गिळणाऱ्या मराठी लोकांशी.

कुणी म्हणेल, रेघच ना, दुर्लक्ष करा. रेघेकडे दुर्लक्ष करता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तरुण अनुवादकांचे मसुदे वाचावेत. मी वाचते, कधी संपादनासाठी तर कधी कार्यशाळेत. ‘वाट पाहत’ असं साधं लिहायचं तिथे ‘प्रतीक्षेत’ येतं, ‘जगणं’ असावं तिथे ‘जीवन’. याला कारणं अनेक आहेत. शाळेतल्या निबंधाचंही पाप यात आहे. पण रोज आठ तास, प्रत्येक ओळीला, एक न थकणारा मास्तर तुमच्या देशी शब्दांवर तांबडी शाई ओढत असेल आणि तत्सम शब्दांना शाबासकी देत असेल, तर त्याचा हातावर परिणाम होत नाही असं कसं म्हणणार?

यावरचा उपाय सोपा आहे. सगळा मजकूर निवडायचा, तपासणीची भाषा मराठी करायची, आणि ती पुन्हा बदलू नये म्हणून कळफलकही मराठीचाच जोडायचा. गोम या शेवटच्या पायरीत आहे. बहुतेक प्रोग्राम मजकुराची भाषा ठरवतात ती तुम्ही काय लिहिता यावरून नाही, कोणत्या कळफलकानं लिहिता यावरून. डीटीपीच्या दुकानांत आणि अनुवादसंस्थांत वर्षानुवर्षं हिंदीचा कळफलक वापरून मराठी टंकलं जातं, कारण अक्षरं तीच आणि बोटांना सवय झालेली. टंकणाऱ्याच्या दृष्टीनं तो मजकूर मराठी असतो. फाइलच्या पोटात मात्र प्रत्येक परिच्छेदावर चिठ्ठी लागते ती ‘एचआय’ची, म्हणजे हिंदीची. मराठीची चिठ्ठी ‘एमआर’. ही दोन अक्षरं डोळ्यांना कुठेच दिसत नाहीत आणि मजकूर जाईल तिथे त्याच्याबरोबर जातात.

ती कुठे जातात त्याचं एकच उदाहरण देते. दृष्टिहीन वाचक पुस्तक ऐकतात ते पडदावाचक प्रोग्रामकडून, आणि कोणत्या आवाजात वाचायचं हे तो प्रोग्राम या चिठ्ठीवरून ठरवू शकतो. चिठ्ठी हिंदीची असली तर मराठी कादंबरी हिंदी आवाजात वाचली जाते. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि ते लिहून दाखवायची सोय नाही. वाचणाऱ्याला भाषा येते या भरवशावर आपण लिहितो. आपण राहतो ते जग आणि पाण्याचा जग लिहायचे सारखेच, बोलायचे वेगळे. हिंदी आवाजाला दुसराच तेवढा येतो. चहा, चमचा, जखम, जावई, सगळ्यांचा ताल तो बिघडवतो. दहा तासांची कादंबरी अशी ऐकून बघा. तो वाचक तक्रार करत नाही, कारण त्याला पुस्तक मिळालं हेच उपकार वाटावेत अशी आपण व्यवस्था केली आहे.

इथवरची गोष्ट चुकीच्या चिठ्ठीची. याच्याही खाली एक थर आहे, अक्षरांच्या संकेतांकांचा. तिथली कथा या नियतकालिकाच्या मल्याळम, असमिया, सिंधी वाचकांना आपल्या घरचीच वाटेल.

मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना वेगळे, आचाऱ्यांना वेगळे. हा फरक ज्या अर्ध्या ‘र’वर उभा आहे त्याच्याशिवाय मराठीचं पान हलत नाही : दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, गोऱ्हा. यूनिकोडच्या तक्त्यात या अर्ध्या ‘र’चं मूळ अक्षर आहे. त्याच्यासमोरची टीप सांगते की हे द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत उतरवण्यासाठी आहे, आणि याचं अर्धं रूप पापणीसारखं दिसतं. प्रमाणग्रंथाच्या विस्तृत प्रकरणात मराठीचं नाव येतं, हे मान्य. पण तक्त्यात, जिथे प्रोग्राम लिहिणारे पोरगे बघतात, तिथे आठ कोटी लोकांचं रोजचं अक्षर परभाषेच्या लिप्यंतराची सोय म्हणून नोंदलं गेलंय.

याचा व्यवहारातला त्रास असा. हे अर्धं अक्षर दोन मार्गांनी साधता येतं. एक या ‘ऱ’ला हलन्त जोडून. दुसरा जुना : साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, न दिसणारा एक जोडक. पानावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका रीतीनं टंकलेलं ‘दुसऱ्या’ दुसऱ्या रीतीनं शोधलं तर सापडत नाही. हे तरी निभावून नेता येतं. पण काही प्रोग्राम मजकूर आत घेताना ‘स्वच्छ’ करतात, म्हणजे न दिसणारी चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. जोडक गेला की उरतो ‘र’, हलन्त आणि ‘य’, आणि त्यांचा होतो रफार. दऱ्यांचा दर्या होतो. सह्याद्रीतल्या दऱ्या उतरणारा माणूस एका झटक्यात अरबी समुद्रात पडतो, आणि मुद्रितशोधकाला वाटतं अनुवादिका बावळट आहे. एका प्रकाशनाकडून मला आलेल्या दुसऱ्या मुद्रितात असे सदतीस समुद्र होते. मी पाठवलेल्या फाइलमध्ये एकही नव्हता. मुखपृष्ठ छापून झालंय, आता एवढं चालवून घ्या, असं त्यांनी कळवलं. मी चालवून घेतलं नाही. पुस्तक तीन आठवडे उशिरा आलं आणि ‘बाईंचा स्वभाव जरा अवघड आहे’ ही माझी ख्याती त्या गल्लीत पक्की झाली.

‘ॲ’चंही तसंच. बँक, कॅमेरा यांतली खूण व्यंजनावर बसते, तिथे अडचण नाही. शब्दाच्या आरंभी तो स्वर आला की मराठी माणूस ‘अ’वर चंद्र काढतो. हे अक्षर अखंड रूपात यूनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. मधल्या सतरा वर्षांत लोकांनी काय करायचं? कुणी ‘अ’ आणि त्यावर सुटा चंद्र असं लिहिलं, कुणी ‘ए’वर चंद्र असलेलं शेजारचं अक्षर उसनं घेतलं. महाराष्ट्र शासनानं २००९च्या नोव्हेंबरात वर्णमालेचा निर्णय काढून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांत रीतसर जागा दिली. पण आधी लिहिलेलं सगळं तसंच राहिलं. आज एकाच शब्दाची तीन रूपं साठ्यांत नांदताहेत, आणि अनुवादकाच्या शब्दसंग्रहात ‘ॲरिस्टॉटल’ तीन ठिकाणी तीन माणसं होऊन बसलाय.

हे एकट्या मराठीचं रडगाणं नाही. मल्याळमची चिल्लू अक्षरं स्वतंत्र संकेतांक घेऊन आली तीही २००८च्याच आवृत्तीत, आणि जुनं-नवं लेखन एकमेकांना ओळखेनासं झालं. असमियाचे र आणि व अजून ‘बंगाली’ नावाच्या तक्त्यात भाडेकरू आहेत. देवनागरीत सिंधी लिहायला लागणारी चार अक्षरं २००६ साली मिळाली. उर्दूच्या मजकुराला योग्य चिठ्ठी आणि योग्य टंक नसेल तर तो नस्तलीकऐवजी नस्खमध्ये उमटतो; उर्दूच्या वाचकाला विचारा, ती दोन एकच का? आणि कोंकणी लेखकांनी हाच आरोप मराठीवर केला, की आमचा मजकूर तुमच्या नावावर लागतो, तर माझ्याकडे त्याला उत्तर नाही, असू नये.

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला शिकवलं गेलं की भाषांतराच्या आधी एक भाषांतर होऊन गेलेलं असतं, ते म्हणजे लिपीचं आणि मुद्रणाचं. तेव्हा ते सिद्धान्त म्हणून लिहून घेतलं. आता ‘ल’ आणि ‘श’ बघताना ते रोज आठवतं. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात, मराठी ‘श’ला देठ असतो. हिंदीत ही दोन्ही अक्षरं वेगळ्या वळणाची. हा काही संगणकानं निर्माण केलेला भेद नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात मुंबई वळण आणि कलकत्ता वळण अशा दोन उघड परंपरा होत्या. जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, राणूजी रावजी आरूंनी त्याच्यासाठी अक्षरं कोरली, आणि त्या वळणाचा दबदबा साऱ्या देशात होता. आजच्या टंकांतही दोन्ही रूपं ठेवायची सोय आहे. चांगल्या टंकात ती असतातही, आणि कोणतं रूप दाखवायचं हे ठरतं पुन्हा त्याच चिठ्ठीवरून : भाषा मराठी नोंदवली तर पाकळीचा ल, नाही तर दुसरा. सर्बियन आणि रशियन यांच्यात अगदी हाच तंटा आहे. सिरिलिक एकच, पण तिरप्या ठशात त, प, द यांची वळणं वेगळी, आणि भाषा नोंदवली नाही की बेलग्रेडचा कवी मॉस्कोच्या अक्षरांत छापला जातो. टंककारानं घर बांधून ठेवलंय, दिवाही आहे. बटण दाबायचं काम आपलं होतं.

माझा राग म्हणून कंपन्यांवर थोडा आणि आपल्यावर जास्त आहे. कंपनीला बाजार दिसतो. मराठी बाजारानं तिला काय दाखवलं? नवा प्रोग्राम बसवला की भाषा इंग्रजी करायची. अडलं की सल्ला मिळतो, ‘भाषा इंग्रजी करून बघा’. हा सल्ला निराधार नाही, म्हणूनच जास्त चीड येते. यंत्राची भाषा मराठी केली की आकडेही देवनागरी होतात, कारण मराठीसाठी तीच रीत नोंदवलेली आहे (हिंदीसाठी इंग्रजी आकडे). मग ज्या प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ‘५’ हाही आकडाच असतो याची कल्पना केली नव्हती, त्याचा प्रोग्राम तारीख वाचताना आडवा पडतो. दोष त्या लिहिणाऱ्याचा. सुचवला जाणारा उपाय, मराठी बंद करा. घराचं छप्पर गळतं म्हणून भाडेकरूला बाहेर काढण्यासारखं आहे हे.

आणि छापील पुस्तकांचं तर विचारूच नका. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं पायाभूत काम ज्या संस्थेत झालं ती सीडॅक पुण्यात १९८८पासून आहे. इस्की हे भारतीय प्रमाण १९९१चं. यूनिकोडनं भारतीय लिप्यांचे तक्ते आखले तेही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी माणसानं जगभर पोचलेला मंगल टंक घडवला. म्हणजे ज्ञान दूर नव्हतं, कसबही दूर नव्हतं. तरी आजही मराठी प्रकाशक अनुवादकाला सांगतात, फाइल आमच्या जुन्या फॉन्टमध्ये द्या, आमचा ऑपरेटर त्यावरच काम करतो. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर हा नुसता देखावा असतो. आत रोमन अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ज्ञानेश्वरांपासून नेमाड्यांपर्यंत सगळ्यांचा सारखाच चिवडा दिसतो. त्यात शोध घेता येत नाही, ती ऐकता येत नाही. प्रकाशक मिटला, ऑपरेटरनं गाव सोडलं, की पुस्तक कागदाबाहेर कुठेच उरत नाही. छापखान्याच्या काळी चांगल्या संपादकाला खिळा कळत असे, कोणता जोडाक्षराचा साचा झिजलाय ते तो सांगू शके. आजचा संपादक अभिमानानं सांगतो, मला त्यातलं काही कळत नाही. हे वाक्य मराठीत विनय म्हणून कसं खपतं, मला समजत नाही.

आता माझ्या स्वतःच्या जातीकडे, म्हणजे अनुवादकांकडे येते. कारण काही लोक खरोखर हौसेनं भाषा मराठी करतात, आणि दोन दिवसांत परत इंग्रजी करतात. त्यांना विचारा का. ते म्हणतील, मराठी कळत नाही हो. खरंच कळत नाही. तिथे लिहिलेलं असतं ‘सामायिक करा’. मराठीत सामायिक असते ती विहीर, सामायिक असते ती भिंत आणि सातबाऱ्यावरचं नाव. आणि जे सामायिक असतं त्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. फोटो पाठवायला कोण सामायिक करेल? ‘हटवा’ हे असंच. अतिक्रमण हटवतात, गर्दी हटवतात; कागदावरची ओळ खोडतात, पाटीवरची पुसतात, यादीतलं नाव काढतात. मराठीकडे तीन नेमकी क्रियापदं असताना पडद्यावर मात्र हिंदीच्या वाटेनं आलेलं चौथं.

हे अनुवाद कुणी केले? आपल्यापैकीच कुणीतरी, शब्दामागे काही पैसे घेऊन. मीही ती कामं पाहिली आहेत. समोर येतो एक तक्ता, त्यात हजारभर सुटे तुकडे. ‘ओपन’ एवढंच लिहिलेलं. ते ‘उघडा’ अशी आज्ञा की ‘उघडं आहे’ अशी स्थिती, सांगणारं कुणी नाही. इंग्रजीत अमुकनं तुम्हाला संदेश पाठवला, एवढ्या वाक्यात नावाची जागा रिकामी ठेवली की काम झालं. मराठीत पाठवला, पाठवली, पाठवलं हे ठरतं काय पाठवलं त्यावर : फोटो पाठवला, चिठ्ठी पाठवली, पुस्तक पाठवलं. आणि ‘अमुक आला आहे’ यात ते ठरतं कोण आलं त्यावर. त्या रिकाम्या चौकटीत दोन्ही अज्ञात. मग अनुवादक ‘द्वारे’ शोधून काढतो, ‘अमुकद्वारे संदेश प्रेषित’ असं कोर्टाच्या समन्ससारखं काहीतरी लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. त्याला मी दोष कसा देऊ? पण त्या कामाला मराठी साहित्यव्यवहारात काही स्थान आहे का? एका कवितेच्या अनुवादावर परिसंवाद होतो, पाच जण निबंध वाचतात. रोज लाखो लोक वाचतात ती चार शब्दांची मराठी कुणी घडवली, कशी घडवली, हा आपल्याला साहित्याचा प्रश्नच वाटत नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांचं मराठीकरण स्वयंसेवकांनी केलं, पदरचा वेळ घालून. कुठल्या वाङ्मयीन इतिहासात ते येणार आहे?

मराठीच्या अभिमानवाल्यांबद्दल मी कमी बोलेन, कारण त्यांना बोलणारे पुष्कळ आहेत. एवढंच म्हणते की दुकानाच्या पाटीवर मराठी किती इंच असावी यासाठी काच फोडणाऱ्या हातातला फोन इंग्रजीत चालतो. २०२४च्या ३ ऑक्टोबरला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, फटाके वाजले. त्याच दिवशीही मराठी अकारविल्हे लावायला सांगितलं तर पुष्कळ प्रोग्राम ‘ळ’ला ‘ल’च्या शेपटीला बांधत होते, कारण तक्त्यात त्यांचे क्रमांक लागून आहेत. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, मग क्ष आणि ज्ञ. हे नोंदवण्यासाठी यूनिकोडचाच एक सार्वजनिक साठा आहे, कॉमन लोकेल डेटा रिपॉझिटरी नावाचा. महिन्यांची नावं, तारखेची रीत, अक्षरांचा क्रम, सगळं तिथे ठरतं, मराठीचा योग्य क्रमही तिथे नोंदता येतो, आणि सूचना करायला बाहेरच्यांनाही वाट आहे. मी वाचलेल्या संमेलनांच्या ठरावांत सीमाप्रश्न होता, विद्यापीठ होतं, पाट्या होत्या. ‘ळ’ नव्हता.

इंग्रजी चालतंय की, असंही एक म्हणणं आहे, आणि ते माझ्याच मित्रमंडळींचं आहे, बहुभाषी, शहाण्या लोकांचं. आम्ही चार भाषांत वावरतो, पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत असल्या तर काय बिघडलं? तुमचं काही बिघडत नाही. तुम्ही इंग्रजीतून यंत्र चालवता आणि मराठीतून कविता लिहिता. ज्याला दुसरंच येतं त्याचं काय? शिवाय बहुभाषी माणसाला तर ही चिठ्ठी जास्तच हवी. एकाच पानावर हिंदी उतारा, मराठी भाष्य आणि नेपाळी शीर्षक असं काम माझ्यासमोर नेहमी असतं. तिन्ही देवनागरी. परिच्छेदागणिक भाषा नोंदवली नाही तर तिन्ही मिळून यंत्राच्या लेखी एकच भाषा होते, आणि ती कोणती हे मी सांगायला नको.

म्हणून करायचं काय? थोडंच, पण कंटाळवाणं. मराठीचा कळफलक मराठी म्हणूनच बसवायचा. संपादकानं लेख मागवताना शब्दमर्यादेबरोबर ‘यूनिकोड, भाषा मराठी नोंदवलेली’ हेही लिहायचं आणि तसं नसेल तर परत पाठवायचं. कार्यशाळांत छंद आणि शैली शिकवतो तिथे एक तास पापणीच्या ‘र’ला द्यायचा. पुस्तकासाठी पानं लावताना भारतीय लिप्यांची जुळणी चालू केली आहे ना, हे ऑपरेटरच्या शेजारी बसून बघायचं. ती बंद असली की वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात, आणि ऑपरेटर ते एकेक करून हातानं सांधत बसतो, म्हणजे फाइल कायमची नासते.

मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. करारात आता एक कलम घालते : छापलेल्या पुस्तकाचा अंतिम मजकूर यूनिकोडमध्ये, ‘एमआर’ अशी भाषा नोंदवून, अनुवादकाला परत मिळेल. आतापर्यंत तीन प्रकाशकांकडे ते गेलं. एकानं खोडून पाठवलं. एकानं न वाचताच सही केली, त्यामुळे तिथून मजकूर मिळेल अशी मला बरीच आशा आहे. तिसऱ्यांच्या ऑफिसमधून फोन आला, माणूस अगदी अदबीनं बोलत होता. “मॅडम, बाकी सगळं ठीक आहे,” म्हणाला, “फक्त ते कलम नऊ. आपल्या पुस्तकात मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचा काय संबंध?”